रिबेकाचा उजवा पाय

धुळे चौफुलीच्या अलीकडे शिकाऊ शहाबानोनं गाडीत गाणं लावलं आणि रिबेकाचा उजवा पाय हललाच नाही. यात दचकण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण तो पाय ज्यांना माहीत आहे ते म्हणणार नाहीत. रिबेका गावित नंदुरबारात बायकांना मोटार शिकवते. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक जादा ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकच्या शेजारी तिचा उजवा पाय दिवसभर आपल्या नादात ताल धरून बसलेला असतो. वायपर चालू झाला की वायपरवर, पुढच्या ट्रॅक्टरची ट्रॉली खडखडली की त्या खडखडीवर, काहीच नसलं तर इंजिनावर. नव्या बायकांना आधी वाटतं, मॅडम वैतागल्या. मग कळतं की पाय मुळातच तसा आहे, आणि मग त्यांना त्याची सवय होते, काही जणींना तर त्याच्याशिवाय गिअर टाकता येत नाही. वीस वर्षं ड्रमचं पेडल दाबून दाबून तो पाय असा झाला होता. डोकं झोपलं तरी तो झोपत नसे. इमॅन्युएल म्हणायचा, तुझ्याशी लग्न केलं ते खरं, पण अंथरुणात मला तुझ्या पायाशी संसार करावा लागतो. आणि तो पाय आज गप्प. तोही कुठल्या गाण्याला, तर तिच्याच बँडच्या, तिच्याच नवऱ्यानं केलेल्या, चार दिवसांपूर्वी यूट्यूबवर चढवलेल्या नव्या गाण्याला. ती पायाकडे बघत राहिली, आणि एवढ्यात केळ्यांची हातगाडी आडवी आली. जो पाय डोळ्यांच्या आधी ब्रेकवर पडायचा, तो या वेळी डोळ्यांच्या नंतर पडला. गाडीनं गचका खाल्ला, दोघींची डोकी पुढे गेली, आणि हातगाडीवाल्यानं आकाशाकडे हात केले. "ओ बाई, डोया शेतस का बटन? मन्ही गाडी दिखत नही का तुले?" शहाबानोचा चेहरा पांढरा पडला. "सॉरी मॅडम, मेरी गलती." रिबेकानं तिला सांगितलं की चूक तिची नाही, गाडी बाजूला घे आणि श्वास घे. शहाबानोनं श्वास घेतला, घाम पुसला, आणि मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, म्हणाली, "आपका बँड है बोलके लगाया मैंने. अच्छा है. बस थोड़ी नींद आ री उसमें."

नींद. रिबेकाला आधी हसूच आलं. गडगडच्या गाण्याला झोप! अख्ख्या नवापूर तालुक्यात, आणि पलीकडे गुजरातेत सोनगड-व्यारापर्यंत, ज्या बँडची निळी गाडी वेशीवर दिसली की म्हातारी माणसं काठ्या भिंतीला टेकवून उभी राहत, त्या 'गडगड रॉक बँड'ला एक शिकाऊ पोरगी जांभई देत होती, आणि बरोबर देत होती. हेच जास्त टोचलं. शहाबानोला संगीतातलं काही कळत नव्हतं, तिचा कुणावर राग नव्हता, लोभ नव्हता. तिच्या डोळ्यांवर झापड आली, एवढंच तिनं सांगितलं. आणि रिबेकाला तर चार दिवसांपूर्वी एक साधा प्रश्न विचारलेला होता, तिच्या घरात, तिच्या नवऱ्यानं, आणि तिनं त्याचं उत्तर दिलेलं नव्हतं. घरात दोघं मावची बोलतात. मराठी ही शाळेची आणि ऑफिसची भाषा. भांडण फार वाढलं किंवा काही फार महत्त्वाचं असलं तरच ती घरात येते. त्या दिवशी इमॅन्युएलनं कानावरचे हेडफोन काढून तिच्या कानांवर घातले, गाणं संपेपर्यंत तिच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला, आणि संपल्यावर मराठीत विचारलं, "कसं वाटलं?" रिबेका म्हणाली, "चहा गार होतोय." जिनं आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही, आरटीओच्या साहेबाला तोंडावर सांगितलं की तुम्हाला रिव्हर्स येत नाही, ती बाई चहाच्या आड लपली. तो चहा त्यानं खरंच पिऊन टाकला, गार.

गाण्याचं नाव त्यानं ठेवलं होतं 'पाण्याखाली'. त्याच्या आजोबांचं गाव उकाईच्या धरणात गेलेलं. ते गाव त्यानं पाहिलेलं नाही, त्याच्या बापानंही धड पाहिलेलं नाही, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका जुन्या विहिरीचा काठ वर येतो, तेवढा त्याला दाखवलेला आहे. तर ते गाव पाण्याखालून कसं ऐकू येईल, असं त्याला गिटारीवर करायचं होतं. म्हणून एक सूर छेडायचा आणि तो एकोच्या पेटीत सोडायचा. मग तो सूर लांबतो, विरघळतो, परत येतो, आधीच्या सुरावर चढतो, आणि सगळं कसं ओलं ओलं होऊन जातं. पेटीच्या वर एक निळा दिवा लुकलुकतो. नारसिंग, त्यांचा कीबोर्डवाला आणि गायक, ज्याचा आवाज एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या गुराला हाक मारायला देवानं दिलाय, तो या गाण्यात कुजबुजतो. आणि ड्रम? ड्रम आहे, मधे मधे आहे, झांजेवर काठी हलकेच फिरवल्यासारखा. इमॅन्युएलनं सांगितलं होतं, तू इथं काही मारू नकोस, फक्त अस. फक्त अस! रिबेकानं तेव्हाच म्हणायला हवं होतं की पाण्याखालच्या गावात माणसं राहत होती ना, मग त्या माणसांना पाय होते की नव्हते? ती माणसं लग्नात नाचत होती की तरंगत होती? पण हे सगळं तिला भांडी घासताना सुचलं, दुसऱ्या दिवशी.

गडगड म्हणजे काय हे ज्यानं नवापूरकडच्या लग्नात पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. जुन्या निळ्या ट्रकच्या पाठीवर फळ्या टाकलेल्या, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच स्पीकर, जनरेटरचा धूर, पुढे नारसिंग, मधे गिटार घेऊन इमॅन्युएल, आणि सगळ्यांच्या मागे, केबिनला पाठ लावून, ड्रमवर रिबेका. खाली अंगणात नाचाची रांग. एकमेकांच्या कमरेत हात गुंफून बाया, बाप्ये, पोरी, म्हातारे एका लांब ओळीत पावलं टाकत जातात, ओळ सापासारखी अंगणभर फिरते, आणि मग येतं वळण. वळण म्हणजे गिटारीचे तीन सूर, वरून खाली, एकदाच आणि कोरडे. ते आले की अख्खी ओळ उजव्या पायावर फिरते. ज्यांची पाठ ट्रककडे असते त्यांची तोंडं ट्रककडे होतात. दोनशे माणसं एका पावलावर फिरतात तेव्हा जमीन जे धप् म्हणते, त्यासाठीच लोक गडगडला बोलावतात. गाणी काय, गाणी सगळ्यांचीच असतात. आणि त्या तीन सुरांच्या खाली, अगदी त्यांच्या पोटात, रिबेकाचा उजवा पाय असतो. तो धप् आधी तिच्या पायातून निघतो, मग जमिनीतून. तिनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तिला ते माहीत होतं, आणि त्या माहितीवर ती ताठ मानेनं जगत आली होती.

एक गोष्ट मात्र होती. ती स्वतः त्या रांगेत कधी शिरली नव्हती. तिचे वडील याकोब मास्तर गावच्या चर्चमध्ये प्रार्थना चालवायचे, गोड माणूस, पण नाचाच्या बाबतीत हट्टी. लग्नातला नाच त्यांना पटत नसे; का, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही, बायबलात कुठं लिहिलंय तेही दाखवलं नाही. चर्चमधला ड्रम वाजवणारा मुलगा सुरतेला कामाला गेला तेव्हा त्यांनीच रिबेकाला त्या स्टुलावर बसवलं होतं, आणि इमॅन्युएल तिला बँडसाठी मागायला आला (लग्नासाठी मागायला आला ते नंतर), तेव्हा मास्तर बराच वेळ अंगणातल्या कोंबड्या बघत बसले आणि म्हणाले, "वाजवायला हरकत नाही. ट्रकवरून खाली उतरायचं नाही." एवढंच. ती उतरली नाही. पुढे मास्तर गेले, त्यांना पुरताना तिनं गाण्याला ताल धरला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण ट्रकवरून ती उतरली नाही. सवय झाली होती. आणि खरं सांगायचं तर वरून बरं दिसायचं. वरून तिला सगळी रांग दिसायची, आणि रांगेच्या आधी इमॅन्युएलची पाठ. त्याच्या पाठीची तिला इतकी ओळख होती की वळण यायच्या आधी त्याचा डावा खांदा किंचित उचलतो, हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, तिला होतं. वाजवताना त्याचा चेहरा कसा होतो, हे मात्र तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. बघणार कसा? तो पुढे, ती मागे.

सगळं बिघडलं ते पुण्याला. निदान रिबेकाचं तसं पक्कं मत होतं. मागच्या हिवाळ्यात तिकडच्या कुठल्याशा संगीत मेळ्यात त्यांना बोलावलं. ट्रक नव्हता, स्टेज होतं, निळे-जांभळे दिवे होते, आणि समोर हिरवळीवर पोरं-पोरी बसलेली. बसलेली! इमॅन्युएलनं वळण दिलं, कुणी फिरलं नाही. पुन्हा दिलं. मग साउंडवाल्या मुलानं त्याच्या गिटारीवर एको चढवला, आणि समोरच्या पोरांनी डोळे मिटून माना हलवायला सुरुवात केली, आणि शेवटी टाळ्या वाजल्या त्या थांबेनात. परतीच्या गाडीत रिबेका सगळ्यांची नक्कल करत होती, डोळे मिटून मान हलवत होती, नारसिंग हसून हसून खिडकीला टेकला होता, आणि इमॅन्युएल हसत नव्हता. साक्री गेल्यावर तो म्हणाला, "वीस वर्षं मी लोकांच्या पाठी बघितल्या, रिबेका. नाचणारा माणूस वाजवणाऱ्याकडे बघत नाही, तो वळला तरी पुढच्याच्या मानेकडे बघतो. तिथं पहिल्यांदा लोकांनी माझ्याकडे तोंड करून ऐकलं." ती म्हणाली, "डोळे तर मिटले होते त्यांनी." हा विनोद तिला तेव्हा फार आवडला होता. आता, बाजूला घेतलेल्या गाडीत, शहाबानो पाणी पीत असताना, तो तिला आवडेना. वीस वर्षं लोकांच्या पाठी. म्हणजे याला एवढं दुखत होतं आणि मी मागे बसून याच्या खांद्यावरून ताल मोजत होते.

ती स्वतःला फसवणाऱ्यातली नव्हती, म्हणून तिनं दुसरी बाजूही उलटून पाहिली. गाणं तुला आवडत नाही, की त्यात तुझा पाय नाही म्हणून आवडत नाही? गाडी पुन्हा सुरू झाली, शहाबानो आता जपून दुसऱ्यावरून तिसऱ्यावर येत होती, आणि रिबेका हे चघळत होती. असूया आहे का? आहे, असणारच. एका खोक्यानं आपली जागा घेतली तर कुणाला बरं वाटेल? पण असूया आहे म्हणून गाणं चांगलं होत नाही. सवतीचा स्वयंपाक आळणी असेल तर आळणीच म्हणायचा. तिनं मनातल्या मनात गाणं पहिल्यापासून वाजवून पाहिलं आणि पुन्हा तिथंच आली: याला जमीन नाही. सगळं वरच्या वर. इमॅन्युएलला आत काहीतरी खरं दिसलेलं आहे, ती विहीर, तो काठ, ते तिला ऐकू येत होतं. पण ते त्यानं एवढ्या पाण्यात बुडवलं की वर काही येत नाही. याहून वाईट वाजवणारे तिनं ढिगानं ऐकले होते आणि त्यांचं तिला काही वाटलं नव्हतं. हा वाईट वाजवणारा नव्हता. म्हणून राग येत होता. एखाद्या परक्याला ती तिथल्या तिथं सांगती. इमॅन्युएलला सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघून सांगायला हवं होतं, आणि नेमकी तीच तिला सवय नव्हती. त्याला खरं काय ते तिच्याकडूनच कळायचं, हे दोघांनाही माहीत होतं. नारसिंग सगळ्यालाच बढिया म्हणतो. ती गप्प बसली असती तर गडगड असाच विरघळत गेला असता, आणि त्याबरोबर त्या दोघांच्या मधलं ते, ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं, पण जे त्याच्या डाव्या खांद्यापासून तिच्या उजव्या पायापर्यंत होतं.

रविनाचं लग्न त्या रविवारी होतं. रविना रिबेकाच्या मोठ्या बहिणीची मुलगी; तिच्या लग्नाला गडगड नसता तर तिनं लग्नच केलं नसतं, असं ती लहानपणापासून सांगत आलेली. सकाळी चर्चमध्ये लग्न लागलं, मग मांडवात जेवणं झाली, आणि ऊन जरा कलायला लागल्यावर निळा ट्रक अंगणाच्या कडेला लागला. वाऱ्याला मोहाच्या सुकत घातलेल्या फुलांचा तो आंबूस गोड वास होता, शेणानं सारवलेल्या अंगणावर पाणी मारलेलं होतं. रिबेका ड्रमचे स्क्रू आवळत होती तेव्हा मंगळीबाई ट्रकखाली येऊन उभी राहिली. मंगळीबाई म्हणजे रिबेकाची आत्या, याकोब मास्तरांची बहीण. पण ती कधी चर्चकडे गेली नाही, डोंगरातले देव तिला पुरे होते, आणि भावा-बहिणीचं त्यावरून कधी वाजलंही नाही. त्या भागातल्या प्रत्येक रांगेच्या टोकाला तीच असे. "काय गं, आज वळण येणार ना नीट?" तिनं खालूनच विचारलं. "तुमच्या नवीन गाण्यात मला कळेना कधी वळायचं. नातवानं मोबाइलवर लावलं होतं. मी चुलीपुढं फिरून फिरून थकले." रिबेका म्हणाली, "आज जुनंच वाजवणार, आत्या." तिला तसंच सांगितलं होतं. इमॅन्युएल गिटारीची वायर जोडत होता, त्याची पाठ तिच्याकडे होती, आणि त्याच्या पायाशी ती पेटी होती, निळा दिवा लुकलुकणारी. तिनं विचारलं, "ती कशाला?" तो म्हणाला, "असू दे. दोन गाण्यांनंतर बघू." आणि मग, वळून न बघता, पुन्हा मराठीत, "तू अजून सांगितलं नाहीस."

पहिली दोन गाणी जुनीच वाजली. आणि काय वाजली! रांग मांडवापासून आंब्यापर्यंत गेली, हळदीच्या साडीवर गॉगल लावून रविना मधोमध, मंगळीबाई टोकाला, वळण आलं की धप्, पुन्हा धप्, रिबेकाच्या पिंढरीत ते खालून वर येत होतं, आणि तिला वाटलं, बघ की रे, याला काय कमी आहे? समोर त्याच्या पाठीवर शर्ट घामानं चिकटला होता. तिसऱ्या गाण्याला त्यानं बुटाच्या टोकानं पेटी दाबली. अंगण एकदम लांब गेल्यासारखं झालं. सूर सुटला, वितळला, स्पीकरमधून निघून आंब्यावर आपटून परत आला. नारसिंग कुजबुजायला लागला. रांग आधी थबकली, मग चांगल्या मनाची माणसं ती, लग्नघर, वाजवणारा जावई, चालायला लागली. आणि त्यानं वळण दिलं. तीन सूर, आणि लगेच पेटीतून पुन्हा तेच तीन सूर, जरा फिकट, आणि पुन्हा. आता वळण आलं की वळायचं, हे त्या लोकांच्या पायात जन्मापासून आहे, ते काही विचार करून वळत नाहीत. पुढची निम्मी रांग पहिल्या वळणाला वळली. मागची निम्मी दुसऱ्याला. ज्यांचे कान फारच तयार होते ते पहिल्याला वळले, दुसऱ्याला परत उलटे वळले आणि तिसऱ्याला पुन्हा, आणि समोरच्याच्या छातीवर जाऊन आदळले. रविनाचा गॉगल पडला. कुणी हसलं, कुणी "अरे अरे" म्हटलं, नवऱ्यामुलाचा काका एकटाच गोल गोल फिरत राहिला. मग हात सुटायला लागले. माणसं हळूहळू, अपमान वाटू नये अशा बेतानं, मांडवाकडे सरकली, कुणाला तहान लागली, कुणाला पोरगं दिसेना. रिबेकाला वरून सगळं दिसत होतं. इमॅन्युएलला दिसत नव्हतं, कारण त्याची मान मागे कलली होती. पाठीवरूनही तिला कळलं की त्यानं डोळे मिटलेत. आज तो स्वतःच पुण्याच्या हिरवळीवरचा झाला होता. त्या पाठीची तिला इतकी माया आली की तिनं काठ्या खाली ठेवल्या.

त्यानंतर तिनं जे केलं ते तिनं ठरवून केलं नाही, आणि तरी तिला एकदाही शंका आली नाही. स्टूल सरकवलं, स्पीकरच्या मागून वाट काढली, ट्रकच्या मागच्या फळीवर बसली आणि उडी मारून खाली उतरली. जमीन तापलेली होती, वरून मारलेल्या पाण्यानं मऊ झालेली. तिच्या अनवाणी पावलांना ती अनोळखी लागली. ड्रम थांबल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मंगळीबाई आंब्याखाली पाच-सात बायांना धरून अजून उभी होती, शेवटपर्यंत मैदान न सोडणाऱ्यातली. रिबेका तिच्यासमोर गेली. म्हातारीनं तिच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि हात पुढे केला. "ये. तुझ्या बापाला वर गेल्यावर मी सांगेन काय ते." दुसऱ्या बाजूनं रविना येऊन चिकटली. "मावशी, तू? खाली?" रिबेका म्हणाली, "पाऊल टाक. गिटार ऐकू नकोस." मग वळायचं कसं, रविनानं विचारलं. मंगळीबाई म्हणाली, कसं म्हणजे, गिटारी यायच्या आधी कसं वळत होतो? हातानं. टोकाचा माणूस शेजारच्याची कंबर दाबतो, तो पुढच्याची, बोट दाखवल्यासारखी ती खूण ओळीतून धावत जाते, पाऊल जमिनीवर पडायच्या आत शेवटच्याला पोचते.

त्या पाच-सातजणी निघाल्या. रिबेकाची पाठ ट्रककडे होती. तिनं उजवा पाय टाकला, पेडलवर टाकते तसा, पण इथं पेडल नव्हतं, सरळ पृथ्वी होती, आणि ती धप् म्हणाली. पुन्हा. शेजारच्यांनी तो पाय धरला. मांडवातून दोघी आल्या, मग चौघं, तो काका आला. तहान लागलेल्यांची तहान भागली. पाठीमागून इमॅन्युएलची गिटार येत होती, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा ती अशी ऐकत होती, आपला ड्रम काढून, नुसती. एका ठिकाणी एक सूर बराच वेळ थांबला, एकटा, विहिरीच्या काठासारखा, आणि तिच्या मानेवर काटा आला. हे चांगलं आहे, तिनं लगेच मान्य केलं. एवढं चांगलं आहे. बाकीचं नाही. मंगळीबाईनं कंबर दाबली, रिबेकानं रविनाची, आणि रांग फिरली, सबंध, एका पावलावर, गिटारीनं काही न सांगता.

आता तिचं तोंड ट्रककडे होतं. त्यानं डोळे उघडले होते. ड्रम बंद झाल्याचं त्याला केव्हातरी जाणवलं असणार, कारण तो मागे रिकाम्या स्टुलाकडे वळून बघत होता, मग नारसिंगकडे, मग खाली, आणि मग त्याला ती दिसली. वाजवताना त्याचा चेहरा असा असतो तर. जरासा उघडा, पोरासारखा, वरचा ओठ दातांत धरलेला. एवढी वर्षं हा चेहरा समोरच्यांना फुकट दिसत होता आणि त्यांनी तो बघितला नाही, आणि जिनं बघायचा ती मागे. त्यानं भुवया उचलल्या. तोच प्रश्न होता. रिबेका त्याच्याकडे बघत राहिली, पाऊल न चुकवता, आणि मान हलवली. नाही. शिकाऊ बाईला सांगते तशी, स्पष्ट, राग नाही, दया नाही: नाही, इमॅन्युएल, हे जमलेलं नाही. आणि मान हलवून झाल्यावर तिनं नजर काढून घेतली नाही. त्याचा हात थांबला. पेटीतून सूर काही वेळ आपले आपण येत राहिले, एकेक फिकट होत, मग तेही संपले, निळा दिवा लुकलुकत राहिला, आणि अंगणात फक्त पाय उरले. नारसिंगनं माइक खाली केला. तिला वाटलं, आता याचा चेहरा पडेल, आणि तो पडलाही, तिच्या डोळ्यांदेखत, आणि तिनं तो पडताना पूर्ण पाहिला. एवढं तरी तिचं त्याला देणं होतं. मग मंगळीबाईनं कंबर दाबली आणि रांग पुन्हा फिरली, आणि तिची पाठ त्याच्याकडे झाली.

आता तो काय करतोय ते तिला दिसेना. रांग आंब्याकडे चालली होती. लोक वाढत होते, धूळ उठत होती, रविना तिच्या कानाशी मोठमोठ्यानं पावलं मोजत होती. मागे काही नाही. गिटार ठेवून तो उतरून गेला असेल, मांडवामागे जाऊन उभा असेल, कदाचित गाडी काढून धरणाकडे. जाऊ दे, येईल, सांगितलं ते खरं सांगितलं. पावलं पडत होती. आणि मग, पाठीमागून, कोरडे, एकदाच, वरून खाली, ते तीन सूर आले. कुठल्याच जागी नाही. आत्ताच तर रांग वळली होती, आत्ता वळण येण्याचं काही कारण नव्हतं. मंगळीबाईनं कंबर दाबली नाही. रांग आता हातानं वळत होती, दोनशे माणसांतलं कुणी वळलं नाही. सगळा ताल ज्या बाईच्या पायात असं लोक मानायचे, ती एकटी उजव्या पायावर गर्रकन फिरली, रांगेतून निखळली, काकाच्या पोटात कोपर लागलं, रविना ओरडली, "मावशी, चुकलीस!" म्हातारी म्हणाली, "पोरी, हात सोडलास." रांग तिला वळसा घालून पुढे निघून गेली, आणि भर अंगणात, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे असताना, रिबेका ट्रककडे तोंड करून एकटीच उभी राहिली. वर इमॅन्युएल तिच्याकडे बघत होता, ओठ दातांत नव्हता, तो हसत होता, आणि खाली तिचा उजवा पाय जमिनीवर पुढच्या वळणाची वाट बघत ताल धरून होता.